दर शंभर ग्रॅममागे

बार्न्सलीच्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर,
रेडिएटरला पाठ लावून मी बाटल्या वाचते.
लोक पोथी वाचतात, मी पाठीमागचं लेबल.
दर शंभर ग्रॅममागे ऊर्जा, साखर, मीठ.
चरबी: नगण्य.
प्रथिनं: असून नसल्यासारखी.
जीवनसत्त्वांचा रकानाच नाही;
छापण्याजोगं काही असतं तर छापलं असतं.

समोर क्लिफर्ड हेपवर्थ. वय अठ्ठ्याहत्तर.
खाणीतून वर आले ते अर्धं फुप्फुस खाली ठेवून,
आता मूत्रपिंडंही राजीनाम्याच्या बेतात.
रोज खाता ते घेऊन या म्हटलं होतं,
तर कोटाच्या खिशातून ब्राऊन सॉसची बाटली काढून
टेबलावर ठेवली. मुद्देमाल.
कशाकशावर घालता?
"कशावर घालत नाही ते विचार, लव्ह,
यादी छोटी होईल."
अंड्यावर, सॉसेजवर, उकडलेल्या बटाट्यावर,
मुलगी बघत नसली की नाताळच्या टर्कीवर.
एकदा, हे त्यांनी आवाज उतरवून सांगितलं,
सफरचंदाच्या पायवर.

मी चमचा काढते. पंधरा ग्रॅम.
कंपनीच्या मते माणूस एका वेळी एवढंच घेतो.
हा माणूस कोण, कुठे राहतो,
मला अजून भेटलेला नाही.
क्लिफर्ड बाटली उलटी धरतात, बुडावर तीन थापा.
ताटलीखालचा काटा म्हणतो, चौसष्ट.
साखर पंधरा ग्रॅमच्या घरात, मीठ पाऊणच्या वर,
दिवसातून तीनदा.
शिवाय केचप. ते वेगळं. ते "फक्त चिप्सना".
"पण टोमॅटो असतो ना त्यात? टोमॅटो चांगला."
असतो की. वरातीत नवरा असतो तसा,
एकुलता एक, आणि मुंडावळ्यांआड.

मग चष्मा कपाळावर सरकवून
मी घटक पदार्थांच्या बारीक ओळीत शिरते.
व्हिनेगर, मळी, खजूर, आणि पार शेवटाकडे,
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात,
चिंच.

चिंच!
जिभेला आधी कळलं, मला नंतर.
म्हणजे ही आपलीच की, चिंच-खजुराची, काळीभोर,
कराड स्टँडच्या बाहेर बाबा भेळेवर ओतायचे ती,
पातेल्यातून, डावानं, हात न आखडता.
पातेल्याला लेबल नव्हतं.
"अजून थोडी घाला की" म्हणणाऱ्याला
त्यांनी कधी विचारलं नाही, पंधरा की चौसष्ट.
स्वतः उभ्याउभ्याच जेवायचे,
चपातीला तीच चटणी, वर चिमूटभर मीठ,
आणि रात्री पायांवर सूज दिसायची
ती आम्ही उभं राहण्याच्या खात्यावर मांडली.

मी तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते.
मोजता येत होतं मला.

"काय झालं, लव्ह?"
काही नाही. यात चिंच आहे.
"ती काय असते?"
साठ वर्षं खातायत, आणि विचारतायत.
मी सांगते, झाड असतं. शेंगा. आंबट.
पोरं दगड मारून पाडतात,
दगड भलत्याच्याच कौलावर पडतो.
क्लिफर्ड बाटलीकडे बघतात,
भिंतीला भिंत लागून राहिलेला शेजारी
परमुलखातला निघावा तसं.

मी कागदावर लिहिते: एक चमचा. सकाळी. सपाट.
"सपाट म्हणजे?"
वरून सुरी फिरवलेला.
भाव न पटलेल्या गिऱ्हाइकासारखी ते मान हलवतात.
"आणि रविवारी?"
रविवारी मी कामावर नसते, मिस्टर हेपवर्थ.

ते हसले, खोकले, पुन्हा हसले.
बाटलीचं झाकण घट्ट लावलं,
आणि गळ्याशी ओघळलेला एक थेंब
बोटानं निपटून तोंडात टाकला.

तो मी धरला नाही.